कंपन्यांचा शब्द आणि कंपन्यांचा जमाखर्च

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची चूल कुठल्या ना कुठल्या अमेरिकन कंपनीच्या पगारावर पेटते. कुणी बँकेत, कुणी औषधाच्या कंपनीत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. निवृत्त मंडळींची ४०१ के ची पुंजीसुद्धा शेवटी ह्याच कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतलेली असते. गेली काही वर्षे ह्या कंपन्यांचे अहवाल हिरवी पाने, पवनचक्क्या आणि हसऱ्या मुलांच्या चित्रांनी सजलेले असत. 'अमुक सालापर्यंत आमचे कार्बन उत्सर्जन शून्यावर आणू' अशी ग्वाही त्यात ठळक अक्षरांत छापलेली असे. आता त्यातली बरीच पाने गळली आहेत. मग ते सगळे थोतांडच होते का? आम्हाला तसे वाटत नाही. पण त्यातले टिकाऊ कोणते आणि दिखाऊ कोणते हे ओळखायची एक साधी खूण आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

१ जून २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी हवामानविषयक पॅरिस करारातून अमेरिका बाहेर पडणार असे जाहीर केले. चार-पाच दिवसांतच 'वी आर स्टिल इन' ह्या नावाखाली बाराशेहून अधिक सह्या गोळा झाल्या. त्यात गव्हर्नर होते, मेयर होते, विद्यापीठे होती आणि ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्या बड्या कंपन्याही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये तोच हुकूम पुन्हा निघाला, पण ह्या खेपेस उद्योगजगताचा आवाज अगदीच क्षीण होता.

बँकांचे तर विचारूच नका! एप्रिल २०२१ मध्ये जगभरच्या बँकांनी 'नेट-झीरो बँकिंग अलायन्स' स्थापन केली. आपण दिलेल्या कर्जांतून जे उद्योग चालतात त्यांचे निव्वळ उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणायचे, असा तिचा संकल्प. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक झाली. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जेमतेम पाच आठवड्यांत अमेरिकेतल्या सहाही सर्वांत मोठ्या बँका एकामागून एक बाहेर पडल्या. काही राज्यांचे ॲटर्नी जनरल कोर्टाचा धाक दाखवत होते, हेही खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या संस्थेनेच आपले काम थांबवले. वारा वाहील तशी पाठ द्यावी, म्हणतात ना, तसे झाले.

आता दुसरी बाजू पाहू. जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या नैर्ऋत्येला लाग्रेंज नावाचे गाव आहे. तिथे रे अँडरसन ह्या गृहस्थांनी १९७३ मध्ये ऑफिसांसाठी चौकोनी तुकड्यांचे गालिचे बनवणारी कंपनी काढली. तीच आजची 'इंटरफेस'. गालिचाचा धागा नायलॉनचा, म्हणजे मूळ पेट्रोलियम. कारखाना चालवायलाही इंधन आणि वीज भरपूर. म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने धंदा तसा बदनामच. १९९४ मध्ये गिऱ्हाइके विचारू लागली की, पर्यावरणासाठी तुम्ही काय करता? अँडरसन तेव्हा साठीचे होते. आपल्याच लोकांपुढे ह्या विषयावर भाषण करायची वेळ आली, तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. त्याच सुमारास पॉल हॉकेन ह्यांचे 'द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स' हे पुस्तक त्यांच्या हाती पडले. ते वाचताना छातीत भाला घुसावा तसे वाटले, असे ते पुढे सांगत असत.

भाषण तर झाले. पुढे काय? त्यांनी सगळ्यात आधी हात घातला तो वाया जाणाऱ्या मालाला. कापताना उरलेले तुकडे, फुकट जाणारी उष्णता, पुन्हा करावे लागणारे काम ह्या सगळ्याची किंमत लावायला सुरुवात केली. नासाडी टाळून पंधरा वर्षांत ४० कोटी डॉलरहून अधिक वाचले आणि पुढच्या सुधारणांचा खर्च त्यातूनच भागला, असे अँडरसन सांगत. जुने गालिचे परत घेऊन त्यांपासून नवे करायलाही त्यांनी सुरुवात केली. आपल्याकडची बोहारीण आठवते ना? जुन्या साड्या घेऊन स्टीलची पातेली देणारी? तिचाच हा अमेरिकन अवतार म्हणा हवा तर. आणि चौकोनी तुकड्यांचा फायदा असा की, जिथे झिजले किंवा कॉफी सांडली तेवढाच तुकडा बदलायचा. ठिगळ लावून गोधडी वर्षानुवर्षे वापरणाऱ्या आपल्या आज्यांना ह्यात काहीच नवल वाटले नसते.

आपल्यातल्या इंजिनियर मंडळींना एक गोष्ट विशेष आवडेल. १९९७ मध्ये ह्या कंपनीचा शांघायचा कारखाना उभा राहत होता. तिथल्या एका यंत्रणेसाठी मूळ आराखड्यात एकूण ९५ अश्वशक्तीचे पंप धरले होते. कंपनीच्या एका इंजिनियरने दोनच बदल केले. पाइप जाड घेतले, आणि आधी पाइप सरळ टाकून मग यंत्रे बसवली. त्यामुळे घर्षण एवढे घटले की ७ अश्वशक्तीत काम भागले. ह्यात नवा शोध कुठला? पण यंत्रे आधी आणि पाइप नंतर, ही वर्षानुवर्षांची पद्धत बदलायचे कुणाच्या मनात आले नव्हते.

अँडरसन २०११ मध्ये वारले. दरम्यान व्हाइट हाउसमध्ये दोन्ही पक्षांचे अध्यक्ष येऊन गेले, २००८ ची मोठी मंदी येऊन गेली, पण लाग्रेंजचे काम थांबले नाही. २०२० चे उद्दिष्ट आपण गाठले, असे २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केले. तिच्या सांगण्यानुसार गालिचांच्या कारखान्यांतले उत्सर्जन १९९६ च्या मानाने ९० टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. इथेच ती खूण सापडते. ज्या कंपनीचे हवामानाचे काम तिच्या रोजच्या जमाखर्चात शिरले ते टिकले. ज्यांचे जाहिरातखात्यातच राहिले, ते पहिल्या वाऱ्याला उडाले.

टेक्सासचे उदाहरण घ्या. तेलाचे राज्य, आणि हवामानबदलावरची भाषणे ऐकून घेण्याबद्दल त्याची काही ख्याती नाही. पण पवनऊर्जेत सगळ्या राज्यांत पहिला नंबर त्याचाच! १९९९ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश ह्यांनी सही केलेल्या कायद्याने त्याला चालना मिळाली, आणि पुढे हिशेब जमला म्हणून काम वाढत गेले. आपल्या जमिनीवर टर्बाइन उभे करू दिले की रँचवाल्याला भाडे मिळते. दुष्काळात गुरे विकावी लागली तरी वारा वाहतोच.

पण हिशेब नेहमी हिरव्या बाजूलाच झुकतो असे मात्र नाही, बरं का. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये शब्द दिला होता की, २०३० पर्यंत आपण हवेत जितका कार्बन सोडू त्याहून जास्त काढून घेऊ. २०२४ च्या अहवालात मात्र कंपनीनेच सांगितले की, २०२० च्या तुलनेत उत्सर्जन सुमारे २९ टक्क्यांनी वाढले. कारण डेटा सेंटर्स! ती बांधायला लागणारे सिमेंट, पोलाद आणि चिप्स हे त्यातले मोठे खाते. शिवाय चालवायला वीज लागते ती वेगळीच. त्याच सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडची, २०१९ मध्ये न परवडल्यामुळे बंद झालेली अणुभट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज वीस वर्षे घेण्याचा करार मायक्रोसॉफ्टसाठी झाला. मार्च १९७९ मध्ये अपघात झाला तो शेजारच्या भट्टीत. त्या काळात इकडे आलेल्यांना ते दिवस आठवत असतील. अशा कंपनीत काम करणारी आपली मुले ह्या हिशेबाच्या अगदी मध्यावर बसलेली आहेत.

आणि त्यांच्या शब्दाला वजन नसते असे समजू नका. २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या आठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी हवामानाबाबत ठोस योजना करा, असे जाहीर पत्र कंपनीला लिहिले. भागधारकांच्या सभेत त्यांचा ठराव पडला. मग २० सप्टेंबरला काम सोडून बाहेर पडायचे ठरले. आदल्याच दिवशी जेफ बेझोस ह्यांनी २०४० पर्यंत निव्वळ शून्याचा संकल्प आणि एक लाख इलेक्ट्रिक व्हॅन्सची मागणी जाहीर केली! व्हिसावर असलेल्यांना असे पुढे येणे किती अवघड असते हे आम्ही जाणतो. पण ज्यांचे इथे बस्तान बसले आहे, त्यांना मीटिंगमध्ये एक साधा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

प्रश्न कोणते, तेही सांगतो. पहिला: हा आकडा फक्त तुमच्या धुराड्यांचा आणि विजेचा, की माल पुरवणारे आणि वापरणारे ह्यांचाही? बऱ्याच धंद्यांत खरा मोठा आकडा ह्या तिसऱ्या खात्यातच दडलेला असतो. दुसरा: उत्सर्जन खरेच घटवले, की दुसरीकडे झाडे लावल्याची प्रमाणपत्रे विकत घेऊन वजावट दाखवली? तिसरा: २०५० चे राहू द्या, ह्या वर्षी किती पैसे खर्च केले आणि ते कुठल्या खात्यातून? कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून, त्या राज्यात धंदा करणाऱ्या आणि १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ही तिन्ही खाती उघड करायला सांगितली आहेत. उद्योगांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, ह्यावरूनच त्या आकड्यांचे महत्त्व कळते.

ज्यांना हा विषय दूरचा वाटतो त्यांनी आपल्या घराची विम्याची पॉलिसी काढून पाहावी. मे २०२३ मध्ये स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी देणे बंद केले. वणव्यांचा वाढता धोका आणि बांधकामाचा वाढता खर्च ही कारणे त्यांनी स्वतःच दिली. विमा कंपनी पॅरिस करारावर भाषण करत नाही, ती फक्त हिशेब करते. विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नाही म्हटल्यावर घराला गिऱ्हाईक कुठून मिळणार? तीस वर्षे हप्ते भरून उभे केलेले घर हीच आपल्यातल्या अनेकांची मुलांसाठीची ठेव आहे. कंपन्यांचा जमाखर्च तिथे येऊन आपल्या जमाखर्चाला भिडतो.

आपल्या कंपनीत किंवा स्वतःच्या धंद्यात ह्या बाबतीत खरोखर काही चालले असेल, छोटे का होईना, तर आम्हाला जरूर लिहून कळवा. फक्त एक विनंती. पत्रासोबत हिरव्या पानांची चित्रे नकोत, आकडे पाठवा.