एका उपाहारगृहाची शंभर वर्षे

घराबाहेर बसून जेवणे ही आज इतकी साधी गोष्ट झाली आहे, की तिलाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. पॅरिसमध्ये मात्र उपाहारगृहाला नगराच्या चरित्रातच स्थान मिळाले. तेथील 'ल प्रोकोप' हे कॉफीगृह १६८६ साली निघाले आणि पुढच्या शतकात व्हॉल्तेअर, दिदेरो अशा विचारवंतांच्या नावांशी ते कायमचे जोडले गेले. मधल्या काळात ते बंदही पडले होते. पण पुन्हा उघडले आणि आजही चालू आहे.

महाराष्ट्रात परक्या मेजाशी बसणे इतके सोपे नव्हते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. नावे वृत्तपत्रात झळकली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या पंक्तीस बसावे, हा प्रश्न त्या काळी चहाच्या पेल्याएवढा लहान नव्हता.

मुंबईत तो प्रश्न वादाने सुटला नाही. रोजच्या व्यवहाराने हळूहळू सैल होत गेला. त्यात इराण्यांच्या हॉटेलांचा वाटा मोठा आहे. इराणातील यझ्द व केर्मान या भागांतून जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळलेली जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली व येथे त्यांनी चहा-पावाचा धंदा उभारला. धोबीतलावावरचे 'कयानी' १९०४ सालचे. त्यानंतर १९२३ साली बॅलार्ड इस्टेटमध्ये 'ब्रिटानिया' निघाले.

गोदी खणताना निघालेल्या मातीची समुद्रात भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. 'गेटवे ऑफ इंडिया'चे शिल्पकार जॉर्ज विटेट यांच्याच कल्पनेतून तेथील इमारतींची आखणी झाली. जहाज-कंपन्यांच्या त्या वस्तीत गोऱ्या साहेबांची वर्दळ असे आणि रशीद कोहिनूर यांनी काढलेल्या या उपाहारगृहाचे नावही त्या काळाला साजेसेच होते. दुसऱ्या महायुद्धात ती जागा लष्कराने ताब्यात घेतली. युद्ध संपले, राज्य गेले, साहेबही गेले; नाव मात्र राहिले आणि त्या नावाखाली कचेऱ्यांतील देशी माणसे दुपारच्या जेवणाला येऊ लागली.

या घराची खरी कीर्ती पुढे झाली ती 'बेरी पुलाव' या पदार्थामुळे. रशीद यांचे पुत्र बोमन कोहिनूर यांच्या पत्नी काही काळ इराणात होत्या. तेथे भातावर आंबटगोड झरिश्क पेरण्याची रीत आहे. ती रीत त्यांनी मुंबईस आणली आणि तिला येथील मसाल्याची जोड दिली. वाळवलेली ती लाल फळे इराणातून येतात. त्यांखालचा भात मात्र मुंबईच्या जिभेला रुचेल असा आहे. पूर्वजांनी सोडलेला देश एका ताटातून असा परत भेटतो.

बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही प्रत्येक मेजापाशी जाऊन गिऱ्हाइकाची विचारपूस करीत. २०१९ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इराण्यांची बहुतेक जुनी हॉटेले आज उरलेली नाहीत. जागांचे भाव वाढले, पुढच्या पिढ्या इतर व्यवसायांत गेल्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणे कोणाला परवडेनासे झाले. असे एखादे हॉटेल मिटते तेव्हा लाकडी खुर्च्या आणि संगमरवरी मेजे विकली जातात, आणि चवही फार तर दुसरीकडे सापडते. हरवते ते मेजाभोवतीचे शेजारपण. ज्या प्रदेशात एका पेल्यापायी थोरांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, तेथेच अनोळखी माणसे एका मेजाशी बसून निमूटपणे चहा पिऊ लागली. या बदलाची नोंद कोणत्याही ठरावात सापडणार नाही. ती अशा जुन्या उपाहारगृहांतच सापडते.