अँकर बोल्ट मुद्दाम लांब का ठेवतात?

रोलर कोस्टरचा खांब पायावर फक्त दाब देतो, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये तसं मांडलं आणि गाईडनी विचारलं, "गाडी वळणावरून गेली की काय होतं?" मी गप्प.

वळणावर खांब कलंडू पाहतो. एका बाजूचे अँकर बोल्ट ओढले जातात, गाडी गेली की सुटतात. दिवसभर हेच चालू. म्हणजे फटीगचा धोका आलाच.

उपाय म्हणजे बोल्ट आधीच ताणून ठेवायचा. त्यामुळे बेसप्लेट, खालचं ग्राउट आणि काँक्रीट दाबलेलं राहतं. गाडीची ओढ आली की मुख्यतः हा दाब कमी होतो, बोल्टमधला ताण थोडासाच वाढतो.

आता वही घ्या. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कल, बोल्टमध्ये स्ट्रेस २०० मेगापास्कल. मोकळी लांबी ५०० मिमी असेल तर बोल्ट ०.५ मिमी लांबतो. ५० मिमी असेल तर जेमतेम ०.०५. काँक्रीट क्रीपमुळे एवढं सहज दबतं, की ताण गेला! म्हणून बोल्टभोवती स्लीव्ह घालतात, काँक्रीट चिकटू देत नाहीत, आणि पकड खालच्या टोकाच्या अँकर प्लेटवर ठेवतात.

एक गोष्ट पेपर वाचताना सहज निसटते (माझी निसटली होती). प्लेट पातळीत आणायला खाली लेव्हलिंग नट लावले असतील, तर ग्राउट कडक झाल्यावर, बोल्ट ताणायच्या आधी ते सैल करायचे. नाहीतर ताण दोन नटांच्या मध्येच अडकतो आणि खालची लांबी असून नसल्यासारखी. त्यासाठी ग्राउट भरतानाच नटांभोवती जागा सोडावी लागते.