फौजेचा क्लब, परक्यांचा संघ

मे 2025मध्ये युरोपातल्या क्लब बास्केटबॉलचा सगळ्यात मोठा सोहळा अबुधाबीत झाला. युरोलीगच्या हंगामाअखेर उरलेले चार क्लब एका शहरात जमतात आणि तीन दिवसांत विजेता ठरतो. या ‘फायनल फोर’ने आजवर पॅरिस, बर्लिन, अथेन्स, इस्तंबूल पाहिलं होतं, आता आखात पाहिलं. मुंबईहून विमानाने तीन तास. तुर्कस्तानचा फेनरबाचे जिंकला. पुढच्या हंगामात तर दुबईचा क्लबच लीगमध्ये दाखल झाला. युरोलीगवाल्यांना आता वाळवंटही युरोपात दिसतं. मॉस्को मात्र त्यांच्या नकाशावर नाही.

मॉस्को का नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 24 फेब्रुवारी 2022ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस युरोलीगने रशियन क्लबांना बाहेर काढलं. त्यात सीएसकेए होता. आठ वेळा युरोपचा विजेता. रेआल माद्रिद सोडलं तर इतकी जेतेपदं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. पूर्ण नाव ‘सेना केंद्रीय क्रीडा क्लब’. ज्याच्या नावातच फौज आहे, त्याने ‘खेळ आणि राजकारण वेगळं ठेवा’ असं म्हणावं तरी कोणत्या तोंडाने? बंदी मला मान्य आहे. तरीही या क्लबाचा जुना चाहता म्हणून अबुधाबीचे सामने पाहताना माझा जळफळाट झाला. यंदा सीएसकेएच्या 2006मधल्या प्रागच्या विजेतेपदाला वीस वर्षं होताहेत, म्हणून तो जळफळाट इथे नीट उतरवून ठेवतो.

सुरुवातीच्या दशकांत मला फारसा रस नाही. 1961, 1963, 1969, 1971 अशी चार युरोपियन जेतेपदं सोव्हिएत काळातली. 1961 म्हणजे आपले अण्णा भाऊ साठे रशिया पाहून आले ते वर्ष. त्या वर्षी सीएसकेएने अंतिम सामन्यात हरवलं रिगाच्या संघाला. तोही फौजेचाच क्लब, आणि स्पर्धेची पहिली तिन्ही वर्षं तोच जिंकला होता. रिगाचे प्रशिक्षक अलेक्सांद्र गोमेल्स्की पुढे मॉस्कोला आले आणि सीएसकेएचे दैवत झाले. 1971मध्ये अँटवर्पच्या अंतिम सामन्याला खुद्द त्यांनाच देशाबाहेर जाऊ दिलं नाही. तेव्हा सेर्गेई बेलोव्हने मैदानात खेळत खेळत संघही चालवला आणि कप आणला. गोष्ट उत्तम आहे, पण माझी नव्हे.

त्या काळाचं एक मात्र सांगितलंच पाहिजे. सोव्हिएत तरुणाला लष्करी सेवा सक्तीची होती, आणि त्या सेवेच्या नावाखाली सीएसकेए देशभरातले चांगले खेळाडू उचलत असे. कीव्ह, ताल्लिन, त्बिलिसी, कुठूनही. म्हणूनच लिथुआनियात या क्लबाचा इतका राग होता. अर्विदास साबोनिसच्या झाल्गिरिस काउनासने 1985, 1986 आणि 1987 अशी ओळीने तीन वर्षं सीएसकेएला मागे टाकून सोव्हिएत जेतेपद घेतलं, ते लिथुआनियन माणूस आजही स्वातंत्र्यलढ्याच्या सुरात सांगतो. त्याचं काही चुकत नाही.

नव्वदचं दशक कंटाळवाणं. 1992पासून 2000पर्यंत रशियाचं प्रत्येक जेतेपद सीएसकेएकडे, आणि युरोपात 1996चा तिसरा क्रमांक. मग उरल पर्वताच्या पायथ्याच्या पेर्म शहरातल्या ‘उराल ग्रेट’ नावाच्या क्लबाने 2001 आणि 2002 अशी दोन जेतेपदं हिसकावली. मॉस्कोने उत्तर दिलं ते मॉस्कोच्या पद्धतीने: पेर्मचा संघ बांधणारा सेर्गेई कुश्चेंको हाच माणूस उचलून आणला. फरक इतकाच, की आधी हे काम भरती कार्यालय करायचं, आता नोरिल्स्क निकेल कंपनीचा पैसा. पेर्मचा तो क्लब पुढे काही वर्षांत बुडाला. त्याबद्दल मॉस्कोत कुणी हळहळल्याचं मी पाहिलं नाही.

मी त्याच सुमारास औषधांच्या धंद्यात मॉस्कोला गेलो. कॉलेजात असताना नागपाड्याच्या कोर्टवर मार खाल्लेला होता, त्यामुळे बास्केटबॉल डोळ्यांना कळत होता. लेनिनग्रादस्की प्रॉस्पेक्टवर क्लबाचं सभागृह, पाचेक हजार प्रेक्षकांचं. बाहेर उणे पंधरा आणि आत घामाचा, ओल्या लोकरीचा वास. तिकीट परवडायचं. बाजूला निवृत्त फौजी बसत. त्यांना नव्या संघातल्या निम्म्या खेळाडूंची नावं उच्चारता येत नसत, तरी ते घसा फाटेस्तोवर ओरडत. सभागृहाकडे येताना वाटेत कागदपत्रं विचारणारे गणवेशवाले मला हमखास थांबवत. त्या वर्षांत मॉस्कोत सावळ्या कातडीच्या माणसाला हे नवं नव्हतं. एकदा आत शिरलं की मात्र कुणी काही विचारत नसे. मैदानावरच इतके परके होते, की स्टँडमधल्या परक्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

सर्बियाचे दुशान इव्कोविच प्रशिक्षक झाले आणि 2003पासून 2010पर्यंत ओळीने आठ वर्षं सीएसकेए फायनल फोरमध्ये पोचला. पहिली तीन वर्षं नुसती चटके देणारी. 2003मध्ये बार्सिलोनात बार्सिलोनाने हरवलं, 2004मध्ये तेल अवीवमध्ये मक्काबीने. यजमानाच्या घरी जाऊन हरणं एकवेळ समजू शकतं. 2005ला फायनल फोर खुद्द मॉस्कोत आली. संघ हंगामभर जवळजवळ अजिंक्य होता, शहरभर पोस्टर लागली होती. उपांत्य सामन्यात स्पेनच्या ताऊ क्लबाने 85-78 असं घरात येऊन हरवलं. दोन दिवसांनी आमच्याच शहरात मक्काबीने कप उचलला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गोमेल्स्की गेले. 1971नंतरचा कप त्यांना बघायला मिळाला नाही.

इथे मला एक जुना हिशेब मिटवायचा आहे. 2003मध्ये बार्सिलोनाच्या संघात एक लिथुआनियन पॉइंट गार्ड होता, शारुनास यासिकेविचियस. 2004 आणि 2005मध्ये तो मक्काबीत होता. 2009मध्ये आम्ही बर्लिनला अंतिम सामना हरलो तेव्हा पानाथिनाइकोसमध्ये. चारही वेळा कप त्याच्या हातात आणि चारही वेळा सीएसकेए हात चोळत बसलेला. अबुधाबीत जिंकलेल्या फेनरबाचेचा प्रशिक्षक कोण होता? हाच! काउनासच्या या माणसाने साबोनिसचं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं असं मला नेहमी वाटतं. त्याच्या डोक्याला मी सलाम करतो, पण त्याच्यावर माझा जीव कधी बसणार नाही.

2005च्या उन्हाळ्यात ट्रेव्हिसोहून एत्तोरे मेस्सिना आले आणि पुढच्या चार वर्षांत मी जे बास्केटबॉल पाहिलं, तसं पुन्हा पाहायला मिळालं नाही. मेस्सिनाच्या संघात कुणी तारा नव्हता, म्हणजे सगळेच होते. ग्रीसचा थेओ पापालूकास बाकावर बसून सुरुवात करायचा. सात-आठ मिनिटं सामना नुसता न्याहाळायचा आणि मग मैदानात उतरून प्रतिस्पर्ध्याचा सगळा डाव उलगडून ठेवायचा, मुरलेल्या तबलजीने गायकाच्या दोन आवर्तनांतच त्याचा श्वास ओळखावा तसा. वेगाने तो कुणालाच हरवत नसे. मोठ्या देहाने बचावपटूला पाठीवर घ्यायचा आणि नेमका त्या क्षणी पास द्यायचा. त्याच्या जोडीला पिट्सबर्गचा जे. आर. होल्डन, अलास्कात वाढलेला ट्रेजन लँग्डन, ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड अँडरसन, स्लोव्हेनियाचा माट्याझ स्मोडिश. रशियन होते, पण पुढे पुढे नव्हते.

30 एप्रिल 2006, प्राग. ओळीने तिसऱ्या कपासाठी आलेल्या मक्काबीला आम्ही 73-69 असं हरवलं. पस्तीस वर्षांनी कप मॉस्कोत आला. ज्या शहरात 1968मध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते, तिथेच सोव्हिएत फौजेच्या क्लबाने कप जिंकला. तोही इटालियन प्रशिक्षकाच्या हाताखाली, एका ग्रीकाच्या जोरावर. मॉस्कोच्या वर्तमानपत्रांनी या योगायोगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यातच सगळं होतं.

2007च्या अंतिम सामन्याबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण जास्त बोललो तर शिव्या येतील. अथेन्स, समोर अथेन्सचाच पानाथिनाइकोस, त्यांचंच सभागृह, 93-91. पापालूकास जन्माने अथेन्सचा. स्वतःच्या गावात परक्यांच्या जर्सीत उभा राहून तो शेवटपर्यंत झुंजला. अंतिम सामना एखाद्या क्लबाच्या घरच्या मैदानावर खेळवणारी स्पर्धा स्वतःला युरोपातली सर्वोच्च म्हणवते, याचं मला तेव्हाही हसू येत होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माद्रिदमध्ये रशिया युरोपचा विजेता झाला, स्पेनला 60-59 असं हरवून. शेवटची निर्णायक बास्केट होल्डनची. या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाला चार वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने रशियन पासपोर्ट मिळाला होता. माझ्या इमारतीत फरशा बसवणारे ताजिक मजूर दर काही महिन्यांनी कागदांसाठी रांगा लावत होते, हे त्या रात्री माझ्या मनातून जाईना. दार उघडं होतं खरं. पण कुणासाठी उघडायचं, ते आतला माणूस ठरवत होता.

आणि 2008. पुन्हा माद्रिद, पुन्हा मक्काबी, 91-77. लँग्डन सर्वोत्तम खेळाडू. त्या संघात आदल्या वर्षी पानाथिनाइकोसकडून आम्हाला हरवणारा रामुनास शिश्काउस्कासही आला होता. लिथुआनियन माणूस, छातीवर मॉस्कोच्या फौजेचा तारा, आणि तोही स्वेच्छेने. साबोनिसच्या पिढीला हे स्वप्नातही पटलं नसतं. त्याच्या खेळात एक उदास शिस्त होती. 2009च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात आम्ही मध्यंतराला 28-48 असे मागे होतो; तिथून संघ दोन गुणांवर आला, शेवटची फेक शिश्काउस्कासच्या हातात, आणि ती हुकली. 71-73. तीन वर्षांनी इस्तंबूलमध्ये ओलिंपियाकोसविरुद्ध एका गुणाची आघाडी असताना शेवटच्या क्षणी त्याचे दोन्ही फ्री थ्रो चुकले आणि 0.7 सेकंद उरलेले असताना यॉर्गोस प्रिंतेझिसने सामना नेला. त्यानंतर तो निवृत्त झाला. त्याच्यावर चिडलेला एकही प्रेक्षक मला भेटला नाही.

2009मध्ये मेस्सिना रेआल माद्रिदला गेले, पापालूकास त्याआधीच संघ सोडून गेला होता. मीही थोड्याच दिवसांत पुण्याला परतलो. नंतरचं सगळं मोबाईलच्या पडद्यावर. 2016 आणि 2019चे कप आले. नांदो दे कोलो, विल क्लायबर्न मोठे खेळाडू, नाकारत नाही. मिलोश तेओदोसिचचे पास पाहण्यासाठी मी रात्री जागवल्या. पण फुटत चाललेलं काहीतरी दिसत होतं. 2008च्या ऑगस्टमध्ये रशियाचं जॉर्जियाशी युद्ध झालं, ऑक्टोबरमध्ये युरोलीग नेहमीसारखी सुरू. 2014च्या मार्चमध्ये क्रिमिया गिळला, मे महिन्यात मिलानमध्ये सीएसकेए फायनल फोर खेळला. आयोजकांपैकी कुणाच्या घशात काही अडकलं नाही.

2022मध्ये मात्र अडकलं, आणि अडकायलाच हवं होतं. जॉर्जियाचा तोर्निके शेंगेलिया संघ सोडून बोलोन्याला गेला, त्याच्यामागे इतर परदेशीही. प्रशिक्षक दिमित्रिस इतुदिस उन्हाळ्यात इस्तंबूलला गेले. त्या हंगामातले रशियन क्लबांचे सगळे निकाल गुणतक्त्यातून पुसले गेले, जणू ते सामने कुणी खेळलेच नव्हते. आता क्लब मुख्यतः रशियन क्लबांच्याच लीगमध्ये खेळतो. तिथे जिंकला तरी बाहेर बातमी होत नाही.

मी ज्या संघावर जीव टाकला, तो उघड्या दाराच्या मॉस्कोचा संघ होता. ते दार बाहेरच्यांनी लावलं, अशी रशियातली तक्रार मला मान्य नाही. ते आतून, रणगाड्यांनी लावलं, आणि तोफा थांबेपर्यंत ते बाहेरून कुणी उघडूही नये. पण युरोलीगवाल्यांनी 2022च्या निर्णयावर स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. दोन युद्धं त्यांनी तिकिटं विकत पाहिली आणि तिसऱ्याला त्यांना तत्त्व सुचलं. पुढचं यजमानपद ते सर्वात जास्त पैसे मोजणाऱ्यालाच देतील.