घरगुती डिजिटल पियानोची तुलना : संज्ञा आणि वस्तू

घरी वाजविण्यासाठी उच्च प्रतीचा डिजिटल पियानो घ्यावयाचा, असे ठरविणाऱ्याच्या हाती वाद्यापूर्वी माहितीपत्रके पडतात. त्यांत ‘लाकडी पट्ट्या’, ‘२५६ स्वर’, ‘हायब्रिड’ अशा संज्ञा असतात. या संज्ञांचे तक्ते शेजारी-शेजारी मांडले की तुलना पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दोन वस्तूंची तुलना संज्ञांच्या आधारे करावयाची, तर त्या संज्ञांचा अर्थ दोन्हीकडे एकच असावा लागतो. येथे तो तसा नसतो. हा प्रश्न केवळ काही लाख रुपयांचाही नव्हे. शिकणाऱ्याचा हात ज्या पट्ट्यांवर आठ-दहा वर्षे घडतो, त्यांचीच सवय त्यास जडते; पुढे तारांच्या पियानोसमोर बसण्याचा प्रसंग आला म्हणजे ती सवय एक तर साह्य करते, नाही तर आड येते. म्हणून प्रत्येक संज्ञेच्या मागे कोणती वस्तू उभी आहे, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

मूळ वाद्याची रचना ध्यानात घेतल्यास हे सोपे होते. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने फ्लॉरेन्स येथे इ. स. १७०० च्या सुमारास पियानो सिद्ध केला. त्याने घडविलेल्या वाद्यांपैकी १७२०, १७२२ व १७२६ या सालांची तीन वाद्ये आज अवशिष्ट आहेत. पट्टी दाबताच हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेवर आघात होण्याच्या किंचित आधी ती पट्टीपासून मोकळी होते. ही ‘सुटका’ हा त्या शोधाचा गाभा होय. पुढे एरार घराण्याच्या १८२१ च्या पेटंटातील दुहेरी सुटकेमुळे पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजविणे शक्य झाले. डिजिटल पियानोत तारा नसतात. तेथे हातोडीचा भार असतो आणि पट्टीच्या गतीचा वेध घेणारे संवेदक असतात. दोनच संवेदक असल्यास पट्टी बरीच वर आल्याखेरीज स्वर पुन्हा उमटत नाही. तिसरा संवेदक असल्यास ती मध्यावर असतानाही उमटतो. एरारच्या यंत्रणेचे कार्य येथे असे दुसऱ्या साधनाने साधले जाते.

आता ‘लाकडी पट्टी’ ही संज्ञा घ्यावी. कावाईच्या २०२० मधील सीए-९९ या वाद्यात पट्टी लांब व सबंध लाकडाची आहे. रोलंडच्या २०१८ मधील एलएक्स-७०८ मध्ये पट्टीच्या बाजू लाकडाच्या, तर गाभा प्लास्टिकचा आहे. शब्द एक, वस्तू दोन. शिवाय बोटाला जाणवते ती मुख्यतः तरफ, लाकूड नव्हे. पट्टी ज्या बिंदूवर डोलते तो बिंदू पुरेसा मागे नसेल, तर काळ्या पट्ट्यांच्या मधल्या अरुंद जागेत पांढरी पट्टी दाबताना बोटाला अकारण अधिक बळ लावावे लागते. पट्टीच्या या अदृश्य लांबीचा निर्णय माहितीपत्रक सहसा देत नाही. तो बोटानेच करावा लागतो.

दुसरी संज्ञा स्वरसंख्येची. पियानोला पट्ट्या ८८ आणि वादकाला बोटे दहा; मग २५६ स्वर कशासाठी, असा प्रश्न पडतो. पेडल दाबून धरले असता आधीचे स्वर विरत नाहीत, त्यांवर नवे साचत जातात. शिवाय एकाच स्वरासाठी एकाहून अधिक ध्वनिमार्ग खर्ची पडू शकतात. यामाहाच्या २०२० मधील सीएलपी-७८५ पुढे २५६ हा आकडा दिसतो, तर उपर्युक्त रोलंड वाद्यापुढे पियानोच्या एकल वादनापुरता ‘अमर्याद’ हा शब्द. हा भेद गुणवत्तेचा नसून पद्धतीचा आहे. पहिल्यात सीएफएक्स व ब्योझेनडोर्फर इंपीरियल या मोठ्या पियानोंच्या स्वरांची ध्वनिमुद्रणे साठविलेली आहेत. दुसऱ्यात तार, हातोडी व फळी यांच्या परस्परक्रियेचे गणित करून स्वर त्या क्षणी घडविला जातो. भाषाभ्यासकाला हा भेद परिचित वाटेल. पहिली पद्धत प्रत्यक्ष उच्चारलेल्या वाक्यांच्या संग्रहासारखी, तर दुसरी वाक्ये निर्माण करणाऱ्या व्याकरणासारखी आहे. संग्रहातील प्रत्येक वाक्य अस्सल असते, पण न नोंदलेल्या वाक्याच्या ठिकाणी तो अडखळतो. व्याकरण अडखळत नाही, मात्र त्याचे एखादे वाक्य कोणीही कधी बोलणार नाही असे निघते. म्हणून नमुन्यांच्या वाद्यात एका बळापासून दुसऱ्या बळाकडे जाताना स्वराचा पोत एकाएकी बदलतो का, हे ऐकावे. गणिताच्या वाद्यात स्वर कृत्रिम भासतो का, हे ऐकावे.

‘हायब्रिड’ या संज्ञेचीही तीच गत आहे. यामाहाच्या २००९ मधील अवांतग्रँड एन-३ मध्ये ग्रँड पियानोची खरीखुरी यंत्रणा बसविलेली असून केवळ तारा वगळल्या आहेत. कॅसिओने बेखश्टाइनच्या सहकार्याने २०१५ मध्ये आणलेल्या सेल्व्हियानो ग्रँड हायब्रिडमध्ये लाकडी पट्ट्या आणि ग्रँडच्या चालीने हलणाऱ्या हातोड्या आहेत, पण सबंध पारंपरिक यंत्रणा नाही. दोन्ही वाद्ये आपापल्या ठिकाणी चांगली असू शकतील. नावाच्या साम्यावरून मात्र त्यांना एका वर्गात घालता येत नाही.

तात्पर्य, संज्ञांच्या जागी कृती ठेवाव्यात, आणि त्या प्रत्येक वाद्यावर त्याच क्रमाने कराव्यात. एकच पट्टी अतिमंद बळापासून तीव्र बळापर्यंत वाजवून स्वर सलग वाढतो की पायऱ्यांनी, हे पाहावे. तीच पट्टी पूर्ण न सोडता जलद पुनःपुन्हा वाजवावी. खर्जातील एक स्वर धरून ठेवून तो अखेरपर्यंत विरताना ऐकावा. त्यात ठराविक आवर्तन भासल्यास ध्वनिमुद्रणाचा तुकडा पुनःपुन्हा जोडला जात आहे, असे समजावे. एक स्वरसंघ आवाज न करता दाबून धरावा आणि त्याच्या आधारस्वराचा खालच्या सप्तकातील स्वर जोराने वाजवून सोडावा; तारांच्या पियानोत मोकळ्या तारा अशा वेळी सहानुभूतीने निनादतात, तसा निनाद येथे मिळतो का, हे पाहावे. पेडल अर्धेच दाबून स्वर अर्धवट विरतो का, हेही तपासावे.

या सर्व कृतींत ध्वनीची पातळी समान राखणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक सुंदर वाटतो. परीक्षा एकाच हेडफोनवर एकदा आणि वाद्याच्या स्वतःच्या ध्वनिक्षेपकांवर एकदा, अशी दोनदा करावी. सीए-९९ मध्ये लाकडी फळीच कंप पावून ध्वनी देते. हेडफोन लावताच तिचा लाभ उरत नाही. ज्याला सदनिकेत रात्री हेडफोन लावूनच सराव करावयाचा आहे, त्याने त्या फळीचे मोल देण्यापूर्वी विचार करावा. उलट तारांचा पियानो कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत वारंवार जुळवावा लागतो, त्या त्रासातून मात्र प्रत्येक डिजिटल पियानो मुक्त ठेवतो.

अशा परीक्षेनंतर माहितीपत्रक पुन्हा वाचावे. त्यातील शब्दांना तोवर बोटाच्या व कानाच्या अनुभवाचा अर्थ प्राप्त झालेला असतो, आणि तुलना खऱ्या अर्थाने त्यानंतरच आरंभ होते.