वेचणीच्या दिवसांतली वाटी

सकाळी साडेसात. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, नोव्हेंबर महिना. दव सुकलं की बाया कापूस वेचायला निघतील. मजुरी किलोवर, त्यामुळे वाटेत कुणी थांबत नाही. अंगणवाडी उघडण्याआधी मी मुद्दाम याच वेळेला घरं फिरते, कारण आई शेतात गेल्यावर दुपारी बाळाला काय मिळणार हे आत्ताच ठरत असतं.

दहा. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची पोरं येतात, गरम खिचडी खातात. मला घोर असतो तो सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांचा. त्यांचा आहार पाकिटातून घरी जातो आणि घरी गेला की सगळ्यांचा होतो.

दुपारी एक. चौदा महिन्यांची मुलगी आजीजवळ आहे. दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली : 12.2 सेंटिमीटर, पिवळ्यात. 12.5 च्या पुढे हिरवा, 11.5 च्या खाली लाल. काल दिवसभर काय खाल्लं? आजी आठवून सांगते : चहात बुडवलेलं बिस्कीट, भात, वरणाचं पाणी, अर्धी पोळी, बटाटा, रात्री आईचं दूध. जागतिक आरोग्य संघटनेने आठ अन्नगट धरलेत. या वयात दिवसाला त्यातले किमान पाच मिळायला हवेत. बिस्कीट, भात, पोळी, बटाटा मिळून गट एकच. आईचं दूध दुसरा. डाळ तळाशी आणि वरचं पाणी बाळाला, तो गट मी धरत नाही. पोट भरलं हे आजीचं म्हणणं खरं, पण हिशेब दोनावरच थांबतो.

अंगणात शेवगा आहे, खुराड्यात कोंबड्या. अंडी? "मंगळवारच्या बाजारात जातात बाई, तेल-मीठ त्यातच येते." घट्ट डाळ, शेवग्याचा पाला आणि अंडं आलं की पाच होतात, आणि तिन्ही याच घरात आहेत. मी कोवळा पाला खुडून बारीक चिरते, डाळीत शिजवते, त्यात भात कुस्करून वर चमचाभर तेल सोडते. मुलगी चार घास खाते, पाचव्याला तोंड फिरवते. आजी तिच्यासाठी चहा ठेवायला उठते, मी आजीला थांबवते. चहाने भूक मरते आणि पाल्यातलं लोहही अंगी लागत नाही.

चार. वजन-उंची मोबाइलवर भरली.

संध्याकाळी साडेसहा. आई परतते. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं ओरबाडलेली असतात. तिला आहारावर व्याख्यान देणं मला पटत नाही. वेळच नाही तिच्याकडे. बोलायचं ते तिच्या नवऱ्याशी, पेरणीबद्दल. जुनी माणसं ज्वारीत मूग, चवळी, अंबाडी घालत. आता या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कापूस आणि सोयाबीन. तुरीच्या ओळी असतात, पण तूरही विकली जाते आणि डाळ दुकानातून पावशेर-पावशेर येते. लेकराच्या वाटीत काय पडणार हे जूनमध्ये पेरणीलाच ठरून गेलेलं असतं.

"भाऊ, पुढच्या साली दोन ओळी चवळीच्या टाका."

"पाहू ना ताई."

अंड्यांचं मात्र आजीनेच मिटवलं. या मंगळवारी अर्धीच बाजारात न्यायची.