गटाच्या गाडीचे रबरी पाइप तपासा
ताईंनो, गटाच्या गाडीचं ऑइल आणि चाकांतली हवा आपण बघतो, पण बॉनेटखालचे रबरी पाइप राहूनच जातात. रेडिएटरचा पाइप वाटेत फुटला की पाणी सांडतं, इंजिन तापतं. तशीच गाडी हाकली तर हेड गॅस्केट जातं. खर्च मोठा, भाडं बुडतं आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

तपासणी सकाळी, इंजिन बंद आणि थंड असताना करायची. रेडिएटरला वर एक आणि खाली एक असे दोन जाड पाइप असतात. ते बोटांनी दाबा. चांगला पाइप दबतो आणि लगेच जागेवर येतो. पिळपिळीत, लाकडासारखा कडक, फुगलेला किंवा भेगाळलेला पाइप बदलून घ्या. क्लिपपाशी वाळलेले डाग दिसले तर तिथं गळती आहे. डिझेलच्या पाइपला ओल दिसली तर गाडी काढूच नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

वाटेत इंजिन तापलं तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.

तपासल्याची तारीख गाडीच्या वहीत लिहा आणि मासिक बैठकीत वाचून दाखवा.