एका छपराखाली दोन भाषा

मुलाला कोणत्या भाषेत शिकवावे? सीमेवरच्या गावांत तर हा प्रश्न घरोघरी पडतो. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. दूर आफ्रिकेत एका शाळेने यावर वाट काढली. तिची हकिकत आम्ही आज सांगतो.

दक्षिण आफ्रिका देशाच्या मध्यावर ब्लूमफाँटेन नावाचे शहर आहे. तेथे ‘ग्रे कॉलेज’ आहे. नाव कॉलेज, पण आहे ती मुलग्यांची शाळा. स्थापना १८५५ सालची. सर जॉर्ज ग्रे या इंग्रज गव्हर्नराने पैशाची मदत केली, म्हणून त्याचे नाव दिले.

त्या मुलखात गोऱ्यांचे दोन गट होते. एक इंग्रज, दुसरे बोअर. बोअर म्हणजे शेतकरी. त्यांचे बरेचसे पूर्वज हॉलंड देशातून आलेले. त्यांची बोली आफ्रिकान्स. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर यांचे मोठे युद्ध झाले. इंग्रजांनी बोअरांची घरे जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तेथे रोगराईने वीस हजारांवर जीव गेले. एवढे वैर! मग यांची पोरं एका शाळेत नांदणार कशी?

या शाळेची रीत पाहा. इंग्रजी बोलणारा मुलगा इंग्रजीतून शिकतो, आफ्रिकान्स बोलणारा आफ्रिकान्समधून. वर्ग वेगळे, पण शाळा एक आणि मैदानही एक.

मैदानावर मुख्य खेळ रग्बी. चेंडू अंड्यासारखा लांबट. दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचे. सोबत्याकडे फेकायचा तो बाजूला किंवा मागे. पुढे फेकता येत नाही. कधी आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात. तेथे शेजारचा कोणती भाषा बोलतो, हे कोण विचारतो? त्याचा खांदा ढळला की आपण पडलोच!

या शाळेने देशाला पुष्कळ खेळाडू दिले. मॉर्ने दु प्लेसी हे देशाच्या रग्बी संघाचे कर्णधार झाले. १९९२ साली आपला भारतीय क्रिकेट संघ डर्बनला कसोटी सामना खेळला. तेव्हा समोरच्या संघाचे कर्णधार होते केप्लर वेसल्स. तेही याच शाळेचे.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. त्या मुलखात सर्वांत जास्त लोक काळे. त्यांच्या भाषा सोथो, त्स्वाना अशा. दोन गोरे गट एका छपराखाली आले, पण काळ्या माणसाचे पोर बाहेरच राहिले. सरकारने रंग पाहून शाळा वेगळ्या ठेवल्या होत्या. आपल्या भारतीय माणसाला तर त्या प्रांतात राहायलाही बंदी होती. ती १९८६ साली उठली.

पुढे सरकारने काळ्या मुलांवर आफ्रिकान्स भाषेची सक्ती केली. १६ जून १९७६ रोजी सोवेटो येथे हजारो मुले त्याविरुद्ध रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मुले मेली. भाषा तीच! एका शाळेत ती मायेने शिकवली, दुसरीकडे बंदुकीच्या जोरावर लादली.

१९९४ साली सर्व रंगांच्या लोकांनी मिळून मतदान केले आणि राज्य बदलले. १९९६ साली कायदा झाला, की सरकारी शाळेला रंगावरून मूल नाकारता येणार नाही.

यातून आपण काय घ्यावे? मूल आपल्या भाषेत शिकले, तर धडा लवकर उमगतो. सोबत खेळले, तर दुसऱ्याचे भय जाते. पण दार सर्वांना उघडे हवे. आपल्या गावच्या शाळेकडेही एकदा पाहा. ऊसतोडीला आलेल्यांची पोरं वर्गात आहेत, की फडावर? वेगळी बोली बोलणाऱ्या पोराला खेळात घेतात, की कडेला बसवतात? नसेल घेत, तर गुरुजींना भेटा आणि बोला.